हलकं आणि भारी

लंकाबाईचं एकदा ठरलं की ठरलं. मग गावानं तोंडात बोटं घालावीत नाहीतर कपाळाला हात लावावा, तिला त्याचं काही नसे. तिचा नवरा सूर्यभान पारावर बसून सांगायचा, "आमच्या घरात कायदा दिल्लीचा न्हाई, लंकीचा चालतो." त्यामुळे पाथर्डीच्या डॉक्टरनं सूर्यभानला पथ्य सांगितलं तेव्हा ते पाळलं जाईल की नाही, याची कुणालाच काळजी नव्हती. लंकाबाईनं हातात घेतलेलं पथ्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि ते पाळलंही गेलं, अगदी तंतोतंत. तेच तर वाईट झालं.

साल बाहत्तरचं. पाथर्डीच्या त्या उजाड बाजूला पाऊस एरवीही पाहुण्यासारखा येतो, त्या साली तो वाटेवरूनच परतला. विहिरींनी तळ दाखवला, बैल छावणीवर गेले, धडधाकट माणसं खडी फोडायला नाहीतर खाली बेलापूरकडं उसाला गेली. लंकाबाईचा मुलगा गोरक्षनाथही उसालाच गेला होता. घरात उरली तिघं: पोटदुखीनं वाळत चाललेला सूर्यभान, सातवा महिना लागलेली सून चांगुणा आणि लंकाबाई. एक शेळी होती, ती सकाळी पाव शेर दूध द्यायची आणि दिवसभर ओरडायची.

सरकारनं परदेशातून लाल मिलो आणून रेशनच्या दुकानात ठेवला होता. म्हणायला ती ज्वारीच, पण थापली की कडा फुटायच्या, तव्यावर टाकली की वातड व्हायची आणि खाल्ली की पोटात दगड पडल्यासारखं वाटायचं. गावानं तिला आपलं एक नाव दिलं, हलकी. घरच्या रानातली पांढरी मालदांडी ती भारी. टँकरच्या रांगेत बाया एकमेकींना विचारायच्या, "आज काय, हलकी का भारी?" आणि उत्तर यायचं, "भारी बगायला तरी ऱ्हायलीय का कुनाकडं?" पुढं पुढं नुसतं 'हलकं' म्हटलं तरी मिलोच समजायचा. दूध, तूप, तांदूळ, हे सगळं भारी. पोटाला काय पेलतं आणि काय नाही, हा विचार त्या साली कुणाच्या डोक्यातच नव्हता. काय मिळतं आणि काय मिळत नाही, एवढाच हिशेब.

लंकाबाईकडं मात्र भारी होती. कणगीच्या तळाशी, कडुनिंबाच्या पाल्यात, जुन्या मालदांडीच्या पाच-सहा पायल्या तिनं राखल्या होत्या. नवऱ्याचं दुखणं बळावलं तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं, ही ज्वारी ह्यांना. पण चांगुणा जात्यावर बसून धापा टाकताना दिसली की तिचं मन दुसरीकडं ओढ घ्यायचं. पोटात वाढणारा जीव काही लाल भाकरीवर पोसायचा नाही. एक कणगी आणि दोन तोंडं. संक्रांतीपर्यंत ती या दोघांच्या मध्ये सापडून राहिली.

संक्रांत झाल्यावर ती सूर्यभानला एस्टीनं पाथर्डीला घेऊन गेली. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा असावा, बोलणं स्वच्छ आणि घाईचं. त्यानं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली.

"पोटात व्रण झालाय. औषध देतो, पण औषधापेक्षा पथ्य महत्त्वाचं. भारी काही देऊ नका. हलकं द्या."

"भारी आजाबात न्हाई?" लंकाबाईनं विचारलं.

"अजिबात नाही. हलकंच. दोन महिने नीट सांभाळा, आराम पडेल."

सूर्यभान बंडीचे बंद बांधत होता. त्यानं एकदा डॉक्टरकडं पाहिलं, एकदा बायकोकडं पाहिलं, आणि मान खाली घालून पुन्हा बंदच बांधत बसला. तोवर पुढचा माणूस आत आलाही होता.

परतताना एस्टीत लंकाबाईच्या मनात तेच घोळत होतं. डॉक्टरचं तिला नवल वाटलं होतं. आजारी माणसाला हलकं खाऊ घाला म्हणतो! पण शिकलेला माणूस, काहीतरी असेल त्यात. लाल दाण्यात औषधी गुण असेल. आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. ज्वारी चांगुणाला, मिलो ह्यांना. जे दीड महिना सुटत नव्हतं ते डॉक्टरनं दोन शब्दांत सोडवून दिलं. तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बरं झालं बाई, दोगांचं बी भागलं." सूर्यभान खिडकीबाहेर बघत म्हणाला, "व्हय, भागलं."

या हायसं वाटण्यावरून पुढं तिनं स्वतःला फार छळलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन टोपल्या झाल्या. एकीत पांढऱ्या भाकरी, चांगुणाच्या. दुसरीत लाल, सूर्यभानच्या आणि लंकाबाईच्या. नवऱ्याला एकट्याला कसं वाटेल म्हणून ती स्वतःही लालच खायची. शेळीचं दूध चांगुणाला. सणासाठी ठेवलेले तांदूळ उतरंडीत तसेच. सूर्यभान भाकरी पाण्यात भिजवायचा, एकेक तुकडा तोंडात धरून कितीतरी वेळ चावायचा, आणि चावता चावता बेलापूरच्या गोष्टी सांगायचा. तरुणपणी तीन वर्षं तो तिकडं उसाच्या मळ्यावर कामाला होता, शेजारी राहणाऱ्या कारभारी नावाच्या दोस्ताबरोबर. कारभारी पाटात पडला ती गोष्ट, फडात निघालेल्या धामणीची गोष्ट, पुणतांब्याच्या यात्रेत हरवलेल्या पायताणाची गोष्ट. लंकाबाईला त्या इतक्या पाठ होत्या की तो चुकला तर ती दुरुस्त करायची. "पायताण न्हाई वं, आदी फेटा हरावला. पायताण मागनं." तो हसायचा, आणि हसता हसता पोट धरून वाकायचा.

दुखणं कमी होईना. लंकाबाईनं त्याचा अर्थ असा लावला की पथ्यात कुठंतरी कसूर होतेय. मग तिनं आणखी कडक केलं. आमटीतलं तेल बंद. शेजारच्या बायडाबाईनं ताक आणून दिलं, ते भारी म्हणून परत पाठवलं.

एका दुपारी ती पाण्याहून आली तर दारातच थबकली. चांगुणा सासऱ्यासमोर बसली होती. तिच्या वाटीत दुधात कुस्करलेली पांढरी भाकरी होती आणि ती म्हणत होती, "मामा, दोन घास खा. आत्याबाई यायच्या आत खा." सूर्यभाननं वाटी हातात घेतली होती. त्यानं ती नाकाजवळ नेली आणि नुसता वास घेतला, डोळे मिटून.

लंकाबाईनं हंडा खाली ठेवला नाही, आदळला. तिनं ती वाटी त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली.

"मारायचंय का गं तुला त्यास्नी? डाक्टरनं काय सांगितलंय? पथ्य म्हंजे पथ्य!"

"एक घास गं," सूर्यभान म्हणाला. तिच्याकडं त्यानं कधी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. "एका घासानं काय हुतंय?"

"एक न्हाई आन् अर्दा न्हाई. बरं व्हा, मग मीच घालते पोटभर."

चांगुणा रडायला लागली. सूर्यभाननं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खा पोरी तू. तुजं ते तुजं." मग लंकाबाईकडं बघून तो नेहमीसारखं म्हणाला, "लंकीचा कायदा," आणि कुशीवर वळला. लंकाबाईला वाटलं, आपण एक मोठं संकट वेळेवर येऊन टाळलं. तिनं ती वाटी चांगुणापुढं ठेवली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिली.

शिमगा झाला आणि चांगुणाला मुलगी झाली. धष्टपुष्ट, काळेभोर जावळ, रडणं असं की शेळी गप्प बसली. दुष्काळात एवढं लेकरू कुणाच्या घरात झालं नव्हतं. सूर्यभान भिंतीला धरून धरून आला, दारातूनच नातीकडं बघितलं आणि म्हणाला, "मालदांडी हाय ही." त्या दिवशी लंकाबाईनं त्याला चांगलं उजेडात पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती, बंडी खांद्यावरून घसरत होती. पण दोन महिने भरत आले होते, आता आराम पडणारच, असं ती स्वतःला सांगत राहिली.

पाचव्या दिवशी सरकारी नर्स मुक्ताबाई बाळाला बघायला आली. पुणतांब्याकडची, गोदाकाठची बाई, बोलायला मोकळी. बाळ-बाळंतीण पाहून खूश झाली आणि लंकाबाईला म्हणाली, "अजून चार दिवस हिला जड नको काही. हलकं खायला द्या."

लंकाबाई एकदम सावध झाली. "हलकं? वल्या बाळंतिनीला हलकं? न्हाई बाई. हलकं आमच्यात आजारी मानसाला चालू हाय, पर हिला मी भारीच देनार."

"भारी काय देता?"

"ज्वारीची भाकर दुदात कुस्करून."

मुक्ताबाई हसली. "अहो, त्यालाच तर हलकं म्हणतात, मावशी! दूध-भाकरी, मऊ भात. पोटाला हलकं. आणि तुमच्या आजारी माणसाला काय देता मग?"

"मिलो," लंकाबाई म्हणाली.

मुक्ताबाईचं हसू तोंडावरच राहिलं. ती उठली, बाहेर खाटेवर पडलेल्या सूर्यभानपाशी गेली, त्याच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली, पोटाला हात लावला. परत आली तेव्हा ती हळू आवाजात बोलत होती, आणि तिच्या हळू बोलण्यानंच लंकाबाईला सगळं कळलं. मुक्ताबाई पुढं बरंच काही म्हणाली. आजार आधीपासूनचा आहे, भातानं बरे झालेच असते असं नाही, स्वतःला बोल लावून घेऊ नका. लंकाबाईच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. तिला फक्त ती वाटी दिसत होती, त्याच्या नाकाजवळ धरलेली.

मुक्ताबाई गेल्यावर ती नवऱ्याच्या पायाशी जाऊन बसली. तिला रडताना त्यानं फार थोड्या वेळा पाहिलं होतं. शब्द नीट येत नव्हते. हलकं म्हणजे हलकं नव्हतं, भारी म्हणजे भारी नव्हतं, असलं काहीतरी ती बोलत होती, आणि मधेच आपल्याच तोंडात मारून घेत होती. सूर्यभाननं तिचा हात धरला. त्याच्या हाताला आता पकड अशी राहिलीच नव्हती.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

ती थांबली.

"डाक्टर बोलला तवाच समाजलं मला. बेलापूरला एक सायेब हुता. त्याच्या बंगल्यावर मी पानी भरायचो. त्याचं बी पोट आसंच हुतं. त्येला डाक्टरनं हलकं सांगितलेलं. त्येचं हलकं म्हंजे मऊ भात, साय काडलेलं दूद. रोज बगायचो मी."

"मग बोलला का न्हाईत?" लंकाबाई ओरडलीच. "मी तुमच्या हातातली वाटी वडून घेतली! का बोलला न्हाईत?"

"कनगीत किती हुती? दोगांना पुरली आसती का?" तो दम घेत घेत बोलत होता. "तू इचार करकरून वाळाया लागली हुतीस. मी म्हनलं, माजं पथ्य माजं मी ठरवीन. चांगुणाच्या पोटात पडंल ते मला मानवंल. आन् मानवलं का न्हाई? आईक, कशी रडतीय."

आत नात खरंच रडत होती.

लंकाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तीस वर्षं ती बेलापूरच्या गोष्टी ऐकत होती. कारभारीचा पाट, धामण, फेटा, पायताण, सगळं तिला पाठ होतं. त्यात कुठं साहेब नव्हता. बंगला नव्हता. सूर्यभाननं उसाला पाणी दिलं होतं. कुणाच्या बंगल्यावर पाणी भरल्याचं तो एका अक्षरानं कधी बोलला नव्हता. की आजवर कधी सांगायचं कारण पडलं नव्हतं? हिनं हे खरं मानावं, अशा आशेनं तो तिच्याकडं बघत होता. तिनं मान हलवली. "बरं," ती म्हणाली.

त्याच दिवशी उतरंडीतले तांदूळ निघाले. तिनं मऊ भात केला, त्यावर दूध घातलं आणि चिमटीचिमटीनं त्याला भरवला. "लई हलकं हाय गं," तो म्हणाला, आणि दोघंही हसली, आणि हसताना ती पुन्हा रडली. चौथ्या घासाला त्यानं हात आडवा केला. मागितलं तेव्हा मिळालं नाही, आणि मिळालं तेव्हा पोट घेईना.

दुसऱ्या दिवशी जीपमधून त्याला पाथर्डीला नेलं. लंकाबाईनं डॉक्टरला सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. डॉक्टरनं पुन्हा सूर्यभानचं पोट दाबून पाहिलं. "मी भाताचं नाव घ्यायला हवं होतं," तो म्हणाला. मग त्यानं नगरच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली. सूर्यभाननं ती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि बायकोला म्हणाला, "घरी ने. नातीपाशी ने." या खेपेला कायदा त्याचा चालला.

पंधरा दिवस तो घरच्या खाटेवर होता. बाळाला त्याच्या कुशीत ठेवत. लंकाबाई दिवसातून दहा वेळा काहीतरी मऊ करून न्यायची. तो तिच्या समाधानासाठी जीभ लावायचा. साहेबाचं नाव त्यानंही पुन्हा काढलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा तो गेला. गोरक्षनाथ निरोप मिळून पोचेपर्यंत दुपार कलली. त्यानं आणि कारभारीनं मिळून सूर्यभानला उचललं, आणि कारभारीच्या तोंडून निघून गेलं, "आरं, किती हलका झालाय!" लंकाबाईनं ते ऐकलं. तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला.

दहाव्याला कोरड्या नदीत पिंड ठेवला. त्याशेजारी लंकाबाईनं पत्रावळीवर दुधात कुस्करलेली पांढरी भाकरी ठेवली, कणगीतल्या शेवटच्या पसाभर ज्वारीची. लोक मागं सरले की नाही तोच कावळे आले आणि तुटून पडले. "मन तृप्त हुतं मानसाचं, काय ऱ्हायलं न्हाई मागं," लोक म्हणाले. लंकाबाईच्या मनात आलं, त्या साली कावळ्यांनाही कुठं काय मिळत होतं?

परतताना कारभारी तिच्या पुढंच चालत होता. बेलापूरची तीनही वर्षं तो सूर्यभानच्या बरोबर होता. एका खोपीत राहिला, एका ताटात जेवला. त्याला सगळं माहीत असणार. एवढंच विचारायचं होतं, की भावजी, तिकडं कुणी पोटदुखीचा साहेब होता का, आणि आमचे हे त्याच्या बंगल्यावर पाणी भरायचे का? दोनदा तिनं पाऊल उचललं. होता म्हणाला, तर नवऱ्यानं समजून उमजून, तिच्या डोळ्यांदेखत उपास काढला आणि तिला पत्ता लागला नाही. नव्हता म्हणाला, तर तिनं आपल्या हातानं त्याला मारलं, आणि जाता जाता तो तिच्यासाठी खोटं बोलला. यातलं एकही तिला पचणारं नव्हतं. कारभारी आपल्या घराकडं वळला. तिनं त्याला जाऊ दिलं.

घरी चांगुणानं चूल पेटवली होती. गोरक्षनाथानं उसाकडून येताना थोडी चांगली ज्वारी आणि तांदूळ आणले होते. एका टोपलीत पांढऱ्या भाकरी होत्या, पातेल्यात मऊ भात होता, शेजारी दुधाची वाटी होती. दुसऱ्या टोपलीत सवयीनं थापलेल्या दोन लाल भाकरी होत्या. दहा दिवस सासूनं धड काही खाल्लं नव्हतं. चांगुणानं ताट घेतलं आणि विचारलं, "आत्याबाई, काय वाढू?"

"हलकं," लंकाबाई म्हणाली.

चांगुणा ताट धरून उभी राहिली. एकदा तिनं भाताकडं पाहिलं, एकदा लाल भाकरीकडं. कोणतं हलकं, ते तिला कळेना आणि विचारायचा धीर होईना.

तेव्हा लंकाबाईच उठली. लाल भाकरी घेतली, पाण्यात भिजवली, आणि एकेक तुकडा तोंडात धरून चावत बसली, त्याच्यासारखीच.

"दुदाची वाटी तू घे," ती सुनेला म्हणाली. "माजं पथ्य हाय."